बैठकीचा तोल
दोन चाकांच्या गाडीत भार पुढे गेला, तर तो घोड्याच्या पाठीवर पडतो. मागे गेला, तर दांड्या वर उचलल्या जातात. म्हणूनच इंग्लंडातील डॉगकार्टची बैठक पुढेमागे सरकविता येई. आमचे टांगेवाले तेच काम ‘जरा पुढे सरका’ एवढ्यावर भागवीत. जोसेफ हॅन्समने १८३४ साली आपल्या गाडीचे पेटंट घेतले. १८३६ साली जॉन चॅपमनने तीत सुधारणा करून हाकणाऱ्याची बैठक मागे, उंचावर नेली. गाडीला नाव मात्र हॅन्समचेच राहिले! याच चॅपमनने पुढे जी. आय. पी. रेल्वेची योजना नेटाने मांडली. १८५३ साली ती गाडी बोरीबंदरहून ठाण्यास धावली. आम्ही नावे पाठ करतो. भार कोणी हलका केला, हे विचारावयाचे मात्र विसरतो.