मावळ्याचा अंगरखा आणि तेलंग्याचा डगला

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला बांधण्याचा महाराष्ट्रातील प्रघात दिल्लीच्या सरकारी वसाहतींतून राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांनी अद्याप सोडलेला नाही. माती येथलीच, दगड कोठल्या तरी बांधकामावरून आणलेले, हळिवाचे दाणे मात्र सुट्टीत गेलेल्या कोणाकडून मागविलेले, आणि चित्रे पुण्याहून आगगाडीने कापसात गुंडाळून आलेली. महाराज सिंहासनावर, दरवाजाशी भालदार, तटावर मावळे, पायथ्याशी गवळण आणि भाजीवाली, गुहेत वाघ. हे सारे चित्रसंमेलन आम्हांस प्रिय आहे. त्यातील कालविपर्यासावर टीका करण्याचा कोरडेपणा आम्ही करणार नाही. परंतु एक प्रश्न असा आहे की, तो टाळावयाचा म्हटले तरी टळत नाही. हे मावळे सारे एकाच साच्यातून निघालेले असतात. एकाच रंगाचे पागोटे, एकाच रंगाचा अंगरखा, एकाच रंगाचा कमरबंद. शेजारच्या पंजाबी बिऱ्हाडातील एखादा चौकस मुलगा किल्ला पाहावयास येतो आणि विचारतो, ‘‘यह शिवाजी की फौज की वर्दी थी क्या?’’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावयाचे?

साच्यातील रंगवलेली चित्रे बाजूला ठेवून साधी, न रंगवलेली मातीची माणसे घ्यावयाची व त्यांस खऱ्या कापडाचे पोशाख शिवावयाचे, असा उद्योग ज्याने आरंभिला त्याला या उत्तरावाचून गत्यंतरच नाही. चित्रकाराला कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात पुष्कळ झाकता येते. शिवणाऱ्याला बंद कोणत्या बाजूस, बाही कोठवर, घेर किती, हे ठरविल्याखेरीज कात्री चालविता येत नाही. इतिहासाच्या अभ्यासाचा हा प्रकार पोरकट वाटेल, पण त्यात गोलमाल करावयास जागा नाही हा त्याचा मोठा गुण होय.

प्रथम उत्तरच सांगून टाकतो. शिवकालीन मावळ्याला गणवेश नव्हता. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ च्या सुमारास जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जी बखर लिहिली, तीत लष्कराची बांधणी बारकाव्याने दिली आहे. पंचवीस बारगिरांस एक हवालदार, पाच हवालदारांस मिळून एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी; दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराला स्वतःचा. छावणीस केव्हा यावे, मुलुखगिरीस केव्हा निघावे, परत आल्यावर झाडा कसा द्यावा, बायका व बटकी बरोबर बाळगू नयेत, इतके सारे सांगणारा हा सभासद कपड्याच्या रंगाविषयी नियम म्हणून एक शब्द लिहीत नाही. ज्याने पखालीचे पाणी आणि घोड्याचा नाल विसरला नाही, तो गणवेश असता तर विसरला असता काय? आमच्या कचेऱ्यांतून ‘शिपाई’ हा शब्द ज्याच्या वाट्याला आला, त्याला वर्षानुवर्षे सरकारातून कापड मिळत असे. ज्याच्यावरून तो शब्द आला, त्याच्या अंगावरचे धोतर-पागोटे त्याच्या घरचे होते, ही गंमत जाता जाता नमूद करण्यासारखी आहे.

कपड्याचा लष्करी उपयोग मराठ्यांस ठाऊक नव्हता असे मात्र नाही. उलट त्यांच्या राज्यात वस्त्राला जो अर्थ होता तो गणवेशाच्या नेमका उलटा होता. गणवेश माणसाला दुसऱ्यासारखा करतो. वस्त्रे माणसाला दुसऱ्यांपासून वेगळा काढतात. ‘पेशवाईची वस्त्रे झाली’ असे आपण आजही लिहितो, तेव्हा त्या वस्त्रांत सनदेचे बळ असते. अफझलखानाच्या प्रसंगानंतर पराक्रम केलेल्यांस कडी, तोडे, तुरे, पदके, कंठमाळा दिल्याचे सभासद सांगतो. म्हणजे तटावरच्या एका मावळ्याच्या हातात कडे असेल व त्याच्या शेजाऱ्याच्या हातात नसेल, तर त्यात शिवणाऱ्याची हयगय नाही, इतिहास आहे. साऱ्या सैन्याला एकदम सजविल्याचा प्रसंग एकच ठळकपणे येतो: १६७७ साली कुतुबशहाच्या भेटीसाठी भागानगरात प्रवेश करताना महाराजांनी लष्कराला जरीचा सरंजाम केला. तो शहरवासीयांच्या डोळ्यांसाठी होता. लढाईवर जाताना नव्हे, भेटीस जाताना सैन्य नटले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

चित्रांचा आधार घ्यावा तर तेथे जपून पाऊल टाकावे लागते. मनुचीच्या संग्रहासाठी मीर महंमदाने काढलेले, पॅरिसच्या ग्रंथालयात असलेले अश्वारूढ महाराजांचे चित्र सर्वांनी छापील स्वरूपात पाहिले आहे. त्यात पायदळ आहे, शस्त्रे आहेत. पण चित्रकार मोगली रिवाजात मुरलेला. त्याच्या कलमातून उतरलेला जामा किती मराठ्यांचा आणि किती त्याच्या गुरुपरंपरेचा, हा विचार करावाच लागतो. आणि सामान्य शिपायाचे काय घेऊन बसलात! खुद्द छत्रपतींचे म्हणून भलत्याच मुसलमान सरदाराचे चित्र आपल्याकडे घरोघर मानले जात होते, वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली डच ग्रंथातील अस्सल चित्र पुढे आणले तेव्हा कोठे तो भ्रम फिटला. राजाच्या मुद्रेविषयी ही स्थिती, तर रायरीच्या पहारेकऱ्याच्या बंडीची दखल कोण घेणार?

तरीही शिवण्याइतके हाती लागते. डोक्याला पागोटे किंवा मुंडासे, अंगात बंडी किंवा गुडघ्याच्या आसपासचा अंगरखा, खाली चोळणा किंवा धोतराचा काचा, कमरेला शेला, खांद्यावर घोंगडी. जाम्याचे बंद हिंदू डाव्या काखेखाली बांधीत व मुसलमान उजव्या, ही त्या काळची सर्वपरिचित खूण. साडेपाच इंचांच्या मातीच्या माणसावरही ती चुकता कामा नये. खरी अडचण वेगळीच आहे. माणूस बाराव्या हिश्शाने लहान करता येतो, सूत करता येत नाही. दुकानातले बारीकात बारीक कापडही या माणसाच्या अंगावर सतरंजीसारखे फुगते व त्याच्या घेराला चुणी पडत नाही. नव्या मलमलीपेक्षा वर्षानुवर्षे धुऊन जीर्ण झालेले धोतर उपयोगी पडते. ते पातळ खळीत बुडवून, ओले असतानाच अंगावर चढवून, चुण्या सुईच्या टोकाने बसवून वाळू द्यावे. घोंगडीसाठी जुन्या मोज्याची लोकर. पागोटे आधी बांधून मग डोक्यावर ठेवू नये. त्या डोक्यावरच पीळ देत गुंडाळावे, म्हणजे दोन पागोटी एकसारखी होत नाहीत. तीच तर आपल्याला हवी आहेत.

दिल्लीत हा उद्योग करणाऱ्यास एक मोठी पाठशाळा आहे. व्यंगचित्रकार शंकर यांनी उभारलेले, बहादुरशहा जफर मार्गावरील नेहरू हाउसमधील बाहुल्यांचे संग्रहालय ३० नोव्हेंबर १९६५ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते उघडले. देशोदेशींच्या हजारो बाहुल्या तेथे आहेत, आणि त्याला जोडूनच कार्यशाळा. भारतातील निरनिराळ्या प्रांतांचे पोशाख अभ्यासून बाहुल्यांस चढवावयाचे व त्या परदेशांतून आलेल्या भेटींच्या बदली पाठवावयाच्या, हे तिचे काम. बाहुलीच्या पोशाखाकडे प्रौढ माणसाने गांभीर्याने पाहिले तर त्यातून काय निघू शकते, हे तेथे दिसते.

पण आपण राहतो तो मुलूख मावळ्यांचा नव्हे. येथे मराठे आले ते नंतर, आणि येथे आलेल्या मराठी फौजांत हळूहळू गणवेश शिरला. पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदी होते. बुसीच्या कवायतीची परंपरा त्याने भाऊसाहेबांच्या फौजेत आणली होती. त्याच रणावरून १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी पळून निघालेल्या १८ वर्षांच्या नाना फडणिसांनी पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, ओळख लपविण्यासाठी अंगावरची वस्त्रे टाकून ते लंगोटीवर निघाले. प्रतिष्ठेची तीच वस्त्रे त्या रात्री जिवावर उठली होती. पानिपतचा देखावा ज्यांस करावयाचा असेल त्यांनी भाऊसाहेबांचा हत्ती जरूर करावा, पण झाडीतून चाललेले हे एक उघडे पोर वगळू नये.

यानंतर महादजी शिंदे यांनी १७८४ साली द बॉय या सव्होयच्या सरदारास नोकरीस ठेवून पलटणी उभारल्या आणि मराठ्यांच्या झेंड्याखाली खऱ्या अर्थाने वर्दी आली. कंपनीच्या शिपायांस हिंदुस्थानात ‘तेलंगे’ म्हणत, कारण पहिली भरती तेलगू मुलुखात झालेली. शिंद्यांच्या कंपूतील पलटणींसही तेच नाव पडले. पोशाखही कंपनीच्या धर्तीचा, आखूड डगला, पट्टे, संगिनीची बंदूक. द बॉयच्या खास घोडेस्वारांचे डगले हिरवे व पागोटी लाल होती. ही माणसे कोण? बहुतेक अयोध्या, दुआब, रोहिलखंड येथली. मराठी बोलणारा त्यांत विरळा. आणि हीच माणसे मराठ्यांसाठी दिल्लीच्या आसपास मेली.

११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पूर्वतीरावर पटपडगंजाजवळ जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फच्या मैदानात उभा आहे. हिरवळीवर चेंडू टोलविणाऱ्यांस त्याचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही. पण आपल्यापैकी किती जण पूल ओलांडून तो पाहावयास गेले आहेत? लढाईनंतर सेनापती बूर्कँ व त्याचे काही युरोपियन सहकारी कंपनीच्या स्वाधीन झाले. शिपाई झाले नाहीत. १ नोव्हेंबरला अलवारकडील लासवाडी येथे शिंद्यांच्या पलटणी पुन्हा उभ्या राहिल्या, युरोपियन अधिकाऱ्यांवाचून, आणि तोफांशी खिळून राहून कापल्या गेल्या. त्यांच्या शौर्याची कबुली स्वतः लेकने दिलेली आहे. या तेलंग्यांचे मातीचे चित्र पुण्याच्या बाजारात मिळत नाही. ते मराठी नव्हते म्हणून? की त्यांच्या अंगावर डगला होता व तो फिरंग्याच्या घाटाचा होता म्हणून?

खेळण्यांच्या इतिहासात याहून विचित्र गोष्ट घडली. दिल्लीच्या लढाईनंतर शिंद्यांच्या पदरचे, पेराँच्या हाताखालील काही हिंदुस्थानी घोडेस्वार कंपनीकडे आले, आणि त्यांचा सरदार म्हणून जेम्स स्किनर नेमला गेला. हा स्वतःही तोवर शिंद्यांच्याच नोकरीत होता. काश्मिरी दरवाजाजवळचे सेंट जेम्सचे देऊळ त्याचेच. या रिसाल्याने पिवळा अंगरखा घेतला. पुढे लंडनमधील विल्यम ब्रिटनच्या कारखान्याने १८९३ साली पोकळ शिशाचे शिपाई ओतण्याची युक्ती काढली व साम्राज्यातील पलटणी पेट्या भरभरून मुलांच्या हाती दिल्या, तेव्हा त्यांत हे पिवळे स्वारही आले. शिंद्यांच्या स्वारांपैकी जे कंपनीकडे गेले, त्यांचे वंशज खेळण्याच्या पेटीत अजरामर झाले. जे शिंद्यांकडे राहिले आणि लासवाडीस पडले, त्यांस शिसेही मिळाले नाही, मातीही नाही. पेटी बनविणाऱ्याचा यात दोष नाही. तो आपल्या पलटणी करीत होता. आपल्या पलटणी करावयाचे काम आपले होते.

म्हणून त्या चौकस मुलास आम्ही जे उत्तर देतो ते दोन भागांत द्यावे लागते. वरच्या तटावरील फौजेला वर्दी नव्हती, आणि म्हणून तेथील पंचवीस माणसांची पंचवीस पागोटी निराळी आहेत. त्यांच्यामागे चालला आहे तो पखालजी, त्याची पखाल जुन्या पाकिटाच्या चामड्याची आहे. नालबंद अद्याप व्हावयाचा आहे. खाली मैदानात, यमुना म्हणून जी निळ्या कागदाची पट्टी अंथरली आहे तिच्या पलीकडे, एकाच डगल्यातले दहा जण रांगेने उभे आहेत. तेही मराठ्यांचेच शिपाई, पण घर त्यांचे तुझ्या मुलखाकडचे. मुलगा बराच वेळ रांगेकडे पाहतो, आणि यांचा सरदार कोठे आहे म्हणून विचारतो. सरदाराची जागा आम्ही रिकामी ठेवली आहे.