आठ पायांचा पाहुणा आणि पिशवीच्या तळाची सुकट

मागच्या भागानंतर आपल्या एका श्रोत्या ताईंनी प्रश्न पाठवला होता. त्यांची मुलगी सुटीत पुण्याहून नागपूरला आली आणि येताना मोठ्या दुकानातून बर्फातलं एक पाकीट घेऊन आली. पाकिटात लिंबाएवढ्या डोक्याचे, आठ-आठ पायांचे बारके ऑक्टोपस. मुलगी म्हणाली, "आई, यात खूप प्रोटीन असतं, कर ना." ताईंनी पाकीट उघडून पाहिलं आणि तसंच परत फ्रीजमध्ये ठेवून दिलं. त्यांचा प्रश्न असा, की हे खरंच खायचं असतं का, आणि खायचं तर करायचं कसं?

करायचं कसं ते मी शेवटी सांगणारच आहे. पण आधी थोडा इतिहास सांगते. आपलं गाव समुद्रापासून फार दूर. मुंबई रेल्वेने 800 किलोमीटरहून लांब. त्यामुळे समुद्रातलं काही स्वयंपाकघरात आलं की आपल्याला ते आजचं, नव्या जमान्याचं वाटतं. तसं ते नाही.

आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन नावाची वस्तू मिळते. पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची, नखाने खरवडली तर भुकटी होणारी. ज्यांच्या घरी पोपट होता त्यांनी ती पिंजऱ्याच्या तारेत अडकवलेलीही पाहिली असेल. पोपट तिच्यावर चोच घासतो आणि त्याला चुनाही मिळतो. नाव समुद्रफेन असलं तरी तो समुद्राचा फेस नाही. माकूळ नावाच्या प्राण्याच्या पाठीतला तो आधार आहे, आणि बहुतेक सगळा चुनखडीचाच बनलेला आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत डोळ्यांच्या आणि कानांच्या औषधांत त्याचा उल्लेख येतो. आज मात्र कुणी आपल्या मनाने तो कानाडोळ्यात घालू नये. सांगायचं एवढंच, की हा माकूळ म्हणजे ऑक्टोपसचा जवळचा नातेवाईक. दोघेही शंख-शिंपल्यांच्या मोठ्या कुळातले, मऊ अंगाचे प्राणी. माकुळाच्या पाठीत समुद्रफेन राहिला, ऑक्टोपसच्या अंगात एकही हाड नाही. म्हणजे या घराण्याची ओळख समुद्र न पाहिलेल्या गावांनाही फार जुनी आहे. फक्त ती औषधाच्या पुडीतून झाली, ताटातून नाही.

कोकणात माकूळ खातात. त्याचं कालवण होतं, सुकं होतं. ऑक्टोपसला मात्र आपल्या किनाऱ्यावर तसा मान मिळाला नाही. तो जाळ्यात इतर मासळीबरोबर यायचा आणि बाजूला पडायचा. यांत्रिक बोटी वाढल्या, बर्फघरं आली, आणि 1972 साली केंद्र सरकारने सागरी उत्पादनांच्या निर्यातीसाठी वेगळं प्राधिकरण स्थापन केलं. त्यानंतर माकुळाला आणि पुढे ऑक्टोपसलाही परदेशात गिऱ्हाईक मिळालं. जपान, स्पेन, इटली या देशांत तो आवडीने खातात. जे आपल्याकडे जाळ्यातून झटकून टाकत होते, ते डॉलर मिळवू लागलं.

हे काम कुणाच्या हातांनी होतं तेही सांगायला हवं. मुंबईला कुलाब्याजवळ ससून डॉक आहे, 1875 साली बांधलेला. पहाटे तिथे गेलात तर बर्फाच्या पाण्यात हात घालून कोळंबी सोलणाऱ्या आणि माकूळ साफ करणाऱ्या बाया दिसतात. जितका माल साफ होईल तितके पैसे. बर्फाने आणि मासळीच्या पाण्याने बोटांची कातडी निघते. पाकिटावर कंपनीचं नाव असतं, या बायांचं नसतं.

आता तुम्हाला एका परक्या गावाला नेते, कारण त्याची गोष्ट आपल्या नागपूरशी जुळते. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गालिसिया नावाचा प्रांत आहे. तिथे ओ कार्बायिन्यो हे छोटं शहर आहे. समुद्र तिथून दिसत नाही, डोंगर ओलांडून जावं लागतं. तरीही ऑक्टोपस खावा तर तिथेच, अशी त्या गावाची ख्याती आहे. गेल्या शतकातल्या साठच्या दशकापासून दरवर्षी ऑगस्टमध्ये तिथे ऑक्टोपसची जत्रा भरते.

समुद्र नसलेल्या गावाला हा मान मिळाला कसा? जवळच ओसेइरा नावाचा ख्रिस्ती साधूंचा जुना मठ आहे, बाराव्या शतकातला. किनाऱ्यावरच्या मारीन भागात या मठाची जमीन होती. तिथले कोळी मठाचा वाटा म्हणून ऑक्टोपस देत. तेव्हा बर्फ नव्हता. ऑक्टोपस उन्हात वाळवायचा, खेचरांच्या पाठीवर लादायचा आणि डोंगरापलीकडे न्यायचा. मठाशेजारच्या खेड्यातले लोक तो भिजवून, शिजवून विकायला शिकले. हे काम पुढे मुख्यतः बायकांच्या हाती आलं. त्यांना तिथे 'पुल्पेइरा' म्हणतात, म्हणजे ऑक्टोपसवाली. तांब्याचं मोठं भांडं घेऊन त्या गावोगावच्या बाजारांत जात. भांड्यातून ऑक्टोपस काढायचा, कात्रीने तुकडे करायचे, लाकडी थाळीत ठेवून वर मीठ, ऑलिव्हचं तेल आणि लाल तिखट घालायचं. आजही पद्धत तीच आहे. ते लाल तिखट म्हणजे आपल्या भिवापुरी मिरचीची लांबची बहीणच. मिरची अमेरिकेतून स्पेनमध्ये गेली, आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. सावजी रस्सा आणि ती लाकडी थाळी, दोन्हींचा रंग एकाच झाडाने दिलेला आहे.

आता परत आपल्या गावी येऊ. खेचरांच्या पाठीवरून डोंगर ओलांडणारा तो वाळलेला माल ऐकून तुम्हाला काही आठवलं का? मला सुकट आठवली.

वेसावे, मढ, अर्नाळा अशा कोळीवाड्यांत बांबूच्या उंच मांडवावर बोंबील वाळत घालतात. त्या मांडवाला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून जोडीने टांगतात. बारीक जवळा जमिनीवर पसरून वाळवतात, त्याचीच सुकट होते. पावसाळ्यात बोटी बंद असतात, त्या दिवसांची ही बेगमी. पण वाळलेली मासळी बर्फाशिवाय टिकते, म्हणून ती किनाऱ्यावर थांबली नाही. घाट चढून वर आली. 1867 साली मुंबईची रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि लांबचा टिकाऊ माल आत आणणं सोपं झालं. आज विदर्भातल्या कुठल्याही आठवडी बाजारात जा. एका कडेला पोत्यांवर बोंबील, सुकट, सोडे, झिंगे मांडून कुणीतरी बसलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ती बाईच असते.

मोलमजुरी करणाऱ्या घरांत या मासळीने काय केलं, ते कुठल्या नोंदवहीत लिहिलेलं नाही. मटण सणावाराला. तलावाची मासळी मिळाली तर. पण मूठभर सुकट डब्यात असली की वांग्यात टाकायची, लसूण-मिरचीबरोबर कुटायची, आणि चार माणसांची भाकर तोंडाला लागायची. कमी पैशांत, कमी सरपणात.

आणि तरीही आपण ती लपवली. माझी आई बाजारातून सुकट आणायची तेव्हा पिशवीच्या तळाशी ठेवायची आणि वर पालकाची जुडी. आम्ही भाड्याने राहायचो. घरमालकीण वासावरून बोलायची, म्हणून सुकट भाजायची ती दुपारी, खिडकी लावून, सगळे कामावर गेल्यावर. वास सुकटीचा होता, पण बोलणं वासापुरतं नव्हतं. कोण काय खातं यावरून कोण कोण आहे हे ठरवायची ती रीत होती. ती रीत अजून संपलेली नाही. खोली भाड्याने शोधणाऱ्या बायांना ते माहीत आहे.

आता पोषणाचं बोलू. 100 ग्रॅम कच्च्या ऑक्टोपसमध्ये साधारण 15 ग्रॅम प्रथिनं असतात, चरबी जेमतेम 1 ग्रॅम, आणि ऊर्जा 80 कॅलरीच्या आसपास. लोह सुमारे 5 मिलिग्रॅम. बी-12 हे जीवनसत्त्व सुमारे 20 मायक्रोग्रॅम, आणि आपली दिवसाची गरज आहे साधारण सव्वादोन. ऑक्टोपसचं रक्त निळं असतं, कारण त्यात लोहाऐवजी तांब्यावर चालणारं द्रव्य आहे. त्यामुळे तांबंही मिळतं. म्हणजे ताईंची मुलगी खोटं बोलली नाही.

पण आता सुकटीकडे पाहा. ओल्या बोंबलात बहुतेक पाणीच असतं. ते वाळून गेलं की उरलेल्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिनं असतात. सुकट आपण कवचासकट खातो, म्हणून कॅल्शियमही भरपूर मिळतं. महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, असं 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. अशा राज्यात जी वस्तू स्वस्त आहे, टिकते आणि रक्ताला मदत करते, ती पालकाखाली लपवावी लागते, हे मला फार महागात पडणारं वाटतं. सुकटीत मीठ जास्त असू शकतं. रक्तदाब असेल त्यांनी ती धुऊन, बेताने खावी. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल त्यांनी सुकटीला हात लावू नये, आणि ऑक्टोपसही डॉक्टरांना विचारूनच खावा.

आता कृती. ताई, पाकीट रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे सकाळपर्यंत बर्फ उतरेल. गोठल्यामुळे त्याचं मांस आधीच थोडं मऊ झालेलं असतं. पूर्वी ग्रीसमध्ये कोळी ऑक्टोपस खडकावर आपटून मऊ करायचे, ते काम आता बर्फ करतो. डोक्याची पिशवी उलटी करून आतलं सगळं काढून टाका. डोळे कापून टाका. पायांच्या मधोमध तोंड असतं, त्यात पोपटासारखी कडक चोच असते. खालून बोटाने दाबलं की ती बाहेर येते. मग जाड मिठाने चोळून तीन-चार पाण्यांनी धुवा, पायांच्या चकत्यांत वाळू राहते.

शिजवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. एक तर मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं, नाहीतर मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. मधल्या वेळात काढलात तर रबरासारखा लागतो. पहिल्यांदा करताना मंद आचच बरी. पातेल्यात घालून झाकण ठेवा, त्याला स्वतःचंच पाणी सुटतं. सुरी सहज शिरली की झालं. आकार निम्म्यावर येतो, घाबरू नका. मग कढईत तेल, कांदा, आलं-लसूण, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस आणि आपला काळा मसाला परता. त्यात तुकडे टाका आणि पाच मिनिटांत उतरवा. मीठ शेवटी, चव पाहूनच, कारण त्याचं पाणी मुळात खारट असतं. वरून सांबार चिरून घाला. कोरियात हाच लहान ऑक्टोपस झणझणीत तिखटात परततात, तेव्हा आपला मसाला त्याला परका वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट, खाण्याआधी माहीत असावी अशी. पाकिटावर 'बेबी' लिहिलं तरी ती सगळी पिल्लं नसतात. काही जाती पूर्ण वाढूनही एवढ्याच राहतात. पण काही वेळा खरंच न वाढलेली पिल्लं पकडली जातात. ऑक्टोपसची मादी बहुधा आयुष्यात एकदाच अंडी घालते. त्यांच्यावर पाणी फुंकत, राखण करत बसते, खाणं सोडते, आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. तिला ती एकच संधी असते. म्हणून नवलापुरतं एकदा करून पाहा, पण रोजच्या प्रथिनांसाठी याच्या मागे लागू नका. आठवड्याच्या बाजाराला सुकट आहेच. तव्यावर कोरडी भाजा, हाताने चोळा, चाळा, पाण्यातून एकदा काढा आणि वांग्यात सोडा.

ताई, तुमच्या मुलीने ते पाकीट टेबलावर सगळ्यांसमोर ठेवलं, मला आवडलं. पुढच्या बाजाराला सुकट आणाल तेव्हा तीही तशीच ठेवा, पालकाच्या वर. आणि भाजताना खिडकी उघडी ठेवा. नमस्कार.