प्रवाळांचे विरंजन : देखरेख, संरक्षण आणि पर्यटकांची जबाबदारी

थोडक्यात
भिलाईपासून समुद्र दूर आहे. तरीही सुट्टीत मालवणला जाऊन स्नॉर्केलिंग करणार असाल, तर ही माहिती आपल्यासाठी आहे. पांढरे पडलेले प्रवाळ मेलेलेच असते असे नाही. ते सावरू शकते. म्हणूनच त्या काळात त्याला जपणे सर्वांत महत्त्वाचे असते.

विरंजन म्हणजे काय?
प्रवाळ म्हणजे लहान लहान प्राण्यांची वसाहत. त्यांच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल त्यांना रंग आणि बहुतांश अन्न पुरवते. पाणी फार तापले की हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. वर्षातील सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा 1 अंश सेल्सिअस जास्त तापमान 4 आठवडे टिकल्यास विरंजनाची, तर 8 आठवडे टिकल्यास प्रवाळ मरण्याची शक्यता वाढते. प्रवाळ मेले की माशांचा आसरा जातो आणि मच्छीमारांचे नुकसान होते.

देखरेख कोण करते?
• हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (इन्कॉइस) उपग्रहाने मोजलेल्या तापमानावरून अंदमान, निकोबार, लक्षद्वीप, कच्छचे आखात व मन्नारचे आखात यांसाठी विरंजनाचा इशारा देते.
• मालवणच्या प्रवाळांचा अभ्यास गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केला आहे. उपग्रहावरून पाण्याचे तापमान कळते; प्रवाळ जिवंत आहे की नाही, हे पाण्यात उतरूनच पाहावे लागते.

कायद्याचे संरक्षण
• मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र 29.12 चौ. कि.मी. आहे.
• खडक बांधणारी प्रवाळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत. गुन्ह्यासाठी 3 ते 7 वर्षे कारावास व किमान 25,000 रुपये दंडाची तरतूद आहे.

आपण काय करावे?
1. प्रवाळावर उभे राहू नका. त्याला हात लावू नका.
2. बोटीचा नांगर प्रवाळावर टाकू देऊ नका.
3. प्रवाळ पांढरे दिसल्यास ठिकाण व तारीख लिहून ठेवा, दुरून छायाचित्र घ्या आणि वन विभागाला कळवा. महाराष्ट्र वन विभागाची हेल्पलाइन : 1926.

नेहमीचा प्रश्न
किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून घरी नेता येतो का?
नाही. तो जिथे आहे तिथेच राहू द्या.