नैसर्गिक व्यक्ती

बीबी म्हणजे मावशी. सुंदानी भाषेत आईच्या धाकट्या बहिणीला बीबी म्हणतात आणि घरकामाला येणाऱ्या बाईलाही बीबीच. हे कळलं तेव्हा माझ्या आईचा जीव भांड्यात पडला, कारण शेजारीण सारखी 'उद्या बीबी येईल' म्हणायची आणि आईला भलतंच वाटायचं. इचलकरंजीत आमच्याकडे भांड्यांना येणारी बाईही मावशीच होती. त्यामुळे नातं लगेच जुळलं.

बाबा विव्हिंग मास्तर. १९८४ साली ते पश्चिम जावातल्या माजालयाच्या एका कापडगिरणीत गेले, वर्षभरानं आम्हीही गेलो. बांडुंगच्या आग्नेयेला, चितारूम नदीकाठचं हे गाव. भाताची खाचरं संपली की मागांचा खडखडाट सुरू. परक्या देशात आलोय असं मला पहिल्या दिवसापासून वाटलंच नाही. सारोंगांच्या धंद्यामुळे साठच्या दशकात या गावाला 'कोटा डॉलर' म्हणायचे. इचलकरंजीला मँचेस्टर म्हणतात, तशातलंच ते.

दुपारी बीबीची आई ओसरीवर येऊन बसे. तिला सगळे नीनी म्हणत, म्हणजे आजी. ती मूळची मध्य जावातल्या बान्युमासची, लग्न होऊन इकडे आलेली. पानाचा तोबरा कायम. चुना, सुपारी आणि काताच्या जागी गांबीर. माझ्या पणजीच्या डब्यातला वास तिच्या डब्यालाही होता.

नीनीचा चुलता 'कॉन्त्राक'वर गेला होता. सुमात्रातल्या देलीला, तंबाखूच्या मळ्यांवर. गोष्ट सांगताना चुलत्याचं वय दर वेळी बदले, गावात आलेला वेरेक मात्र तोच असे. वेरेक म्हणजे मळ्यांसाठी माणसं गोळा करणारा दलाल. त्यानं कागदावर अंगठा घेतला, हातावर उचल ठेवली आणि बंदरावर नेलं. करार तीन वर्षांचा. पळून गेलात तर तुरुंग, कारण डचांच्या १८८० च्या कायद्यानं करार मोडणं हा गुन्हाच ठरवला होता. मुदत संपायच्या सुमारास मळ्यावर नाचगाणं आणि जुगार चाले. सकाळी खिसा रिकामा, डोक्यावर कर्ज, आणि पुढे नवा कागद. चुलत्यानं तीनदा अंगठा दिला, असं नीनी म्हणे. नंतर त्याचा पत्ता लागला नाही.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग नीनीला माहीत नव्हता. मला तो चाळिशीत, वाचताना सापडला. देलीचं पान सिगारवर वरून गुंडाळायला अमेरिकेत जात असे. १९३० च्या अमेरिकी जकात कायद्यात एक कलम घुसलं: शिक्षेच्या धाकाखाली राबवून घेतलेल्या मजुरांचा माल आत येणार नाही. घुसवणाऱ्यांना जावाच्या मजुरांचा किती कळवळा होता ते सोडा. अमेरिकेतल्या तंबाखू पिकवणाऱ्यांना स्पर्धा नको होती. पण गिऱ्हाईक हातचं जाणार म्हटल्यावर देलीच्या तंबाखूवाल्यांनी वर्षा-दीड वर्षात ते तुरुंगाचं कलम सोडून दिलं. इतकी वर्षं हॉलंडमध्ये त्यावर वाद चालला होता, तो जकातीच्या एका ओळीनं निकालात काढला. ते वाचून मी बराच वेळ पुस्तक मांडीवर ठेवून बसलो होतो. मग वाटलं, मंदीमुळे मळ्यांनी त्याच सुमारास हजारो मजुरांना जावाला परत धाडलं, त्यात चुलता असता तर?

नीनीचा नवरा, म्हणजे अकी, गोष्टी सांगत नसे. त्याचं नीनीच सांगे, तेही तो खाचरावर गेला की. १९४३ साली, जावा ताब्यात असताना, जपान्यांनी गावागावातून माणसं मागितली. रोमुशा, म्हणजे वेठीचे मजूर. हा शब्द जपानी, पण तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात तो आपला होऊन बसलाय. अकीला बांतेनच्या दक्षिण किनाऱ्यावर बायाहला नेलं. तिथे कोळशाची खाण होती आणि कोळसा आणायला साकेतीपासून बायाहपर्यंत रेल्वे टाकायची होती. तान मालाका हा क्रांतिकारक त्याच बायाहच्या खाणीवर खोट्या नावानं नोकरी करत होता. अकीनं त्याला पाहिलं असेल का, हा प्रश्न मला पडतो, त्या घरात तो कुणालाच पडला नाही. अकी परत आला तो पायांवर न भरणाऱ्या जखमा घेऊन. जपानी त्याला येत होतं ते दहापर्यंतचे आकडे. कोंबड्या मोजताना तो चुकून 'इची, नी, सान' म्हणे आणि मग थांबून पुन्हा सुंदानीत मोजे. हे मी स्वतः ऐकलंय.

१९९२ ला आम्ही परतलो. पुढचं बीबीच्या पत्रांतून आणि मग फोनवरून कळत गेलं. १९९७-९८ चं 'क्रिसमोन', म्हणजे चलनाचं संकट, आलं. डॉलरला अडीच हजाराच्या आसपास असलेला रुपिया पंधरा हजारांच्या पलीकडे गेला, मागवाल्यांना सूत घेणं परवडेना. बीबी सौदीला गेली. गावात आता वेरेकला 'स्पॉन्सर' म्हणायला लागले होते, एवढाच फरक. पासपोर्ट मालकाकडे, सुट्टी नाही, सहा वर्षांत दोन घरं. सरकारी भाषणांत अशा बायकांना 'पाहलावान देविसा' म्हणतात, परकीय चलनाच्या वीरांगना. बीबीला त्याचं हसू यायचं. पैसे मात्र तिनं नेमाने पाठवले, आणि त्यांवर तिची मुलगी नर्सिंगला गेली. तिला घरात नेंग म्हणतात, आपण छकुली म्हणतो तसं.

२० ऑगस्ट २००७ ला जकार्तात इंडोनेशिया आणि जपान यांनी आर्थिक भागीदारीचा करार केला. १ जुलै २००८ पासून तो लागू झाला. जपानला वायूचा भरवसा हवा होता, आपल्या मोटार कारखान्यांसाठी पोलादावरची जकात उतरायला हवी होती. इंडोनेशियानं त्याच टेबलावर माणसं ठेवली. असल्या करारांत एक प्रकरण असतं, 'नैसर्गिक व्यक्तींची ये-जा' अशा अर्थाचं. कंपनी ही कायद्याची व्यक्ती, म्हणून हाडामांसाची ती नैसर्गिक. पहिल्या दोन वर्षांत चारशे परिचारिका आणि वृद्धांची सेवा करणारे सहाशे, असा आकडा ठरला. पहिल्या तुकडीत प्रत्यक्षात गेले २०८. जपानी रुग्णालयं कचरत होती.

त्या २०८ मध्ये नेंग होती. वृद्धसेवेसाठी. परिचारिका म्हणून जायला दोन वर्षांचा अनुभव लागे, तो तिला नव्हता. जपानचं नाव काढल्यावर घरात सगळे नीनीकडे बघायला लागले. सत्त्याऐंशीच्या नीनीनं पान थुंकलं आणि विचारलं, "पगार कोण देणार?"

पगार मिळाला. अडलं ते परीक्षेत. तिथं राहायचं तर ठरावीक वर्षांत जपान्यांचीच राष्ट्रीय परीक्षा, जपानी भाषेत, पास व्हायची. २००९ ला परिचारिकांच्या परीक्षेला ८२ परदेशी बसले, एकही पास नाही. पुढच्या वर्षी २५४ बसले, पास तीन. त्यांतले दोघे इंडोनेशियाचे. नेंगच्या वहीत 'जोकुसो' हा शब्द पानभर लिहिलेला मी पाहिलाय. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला पडणारी जखम. ती धुवायची कशी, हे तिला नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून येत होतं. पण तो शब्द ज्या कांजीत लिहितात ती जपानी माणसालाही वाचायला जड. पुढे ओरड झाल्यावर प्रश्नपत्रिकेत अशा शब्दांवर सोपं वाचन छापायला लागले.

तिच्या वृद्धाश्रमात एक आजोबा होते, नव्वदीचे. जेवणाआधी 'बेंगावान सोलो' गुणगुणायचे. गेसांगनं १९४० मध्ये रचलेलं हे गाणं जपानी सैनिकांनी आपल्या देशी नेलं होतं. नेंगनं त्यांना कधी विचारलं नाही, तुम्ही जावात कुठे होता. मी विचारलं, का नाही विचारलंस? "त्यांना भरवायचं होतं ना मला," ती म्हणाली.

२०१६ ला मी माजालयाला गेलो. नीनी आणि अकी दोघंही नव्हते. माग बरेच थंडावले होते. २०१० पासून चीन आणि आसियानच्या मुक्त व्यापारामुळे चिनी कापड बिनजकात यायला लागलं, त्यात हे जुने माग टिकले नाहीत, असं जो तो सांगत होता. खरं सांगायचं तर नुसत्या करारावर खापर फोडून चालणार नाही. तिथले काही माग बाबांच्या वेळीच म्हातारे होते. पण ज्या कागदांनी नेंगला दार उघडलं, तसल्याच एका कागदानं तिच्या मामाचे चार माग भंगारात गेले, हे तिथं प्रत्येकाला तोंडपाठ आहे. आसियानमध्ये आठ व्यवसायांच्या पदव्या एकमेकांनी मानायचं ठरलंय: डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, इंजिनियर, वास्तुविशारद वगैरे. घरकाम त्यात नाही. बीबी पुरेपूर नैसर्गिक व्यक्ती होती, पण कुठल्याच प्रकरणात बसत नव्हती. तिच्यासारख्याच जास्त जातात.

नेंग परीक्षा पास झाली आणि तरीही दोन वर्षांनी परत आली. बीबीला मधुमेह, दुसरं कोण बघणार. इंडोनेशियातल्या रुग्णालयांना त्या जपानी प्रमाणपत्राचं काय करायचं ते कळेना. मग तिनं मामाच्या मागाच्या शेडमध्ये भाषेचे वर्ग काढले. मी गेलो तेव्हा पंचवीसेक पोरं-पोरी बसली होती, जपानला जायला निघालेली. जमिनीत मागांचे बोल्ट अजून तसेच होते, आणि बाकं ते चुकवून वाकडीतिकडी मांडलेली. भिंतीवर माणसाच्या शरीराचं चित्र. नेंग पट्टीनं दाखवायची, वर्ग ओरडायचा: पाठ, खांदा, टाच. मागच्या बाकावर बीबी शेंगा सोलत बसली होती. आकड्यांचा पाठ सुरू झाला तशी सगळ्यांच्या आधी तीच म्हणाली, "इची, नी, सान."