चिलखती मोटार आणि लाकडी बस

पूर्वीच्या अहमदनगरातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातील, रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची चिलखती मोटार उभी आहे. तिचा सांगाडा मुळात ‘सिल्व्हर घोस्ट’ या श्रीमंती गाडीचा. 1914 साली महायुद्ध पेटताच ब्रिटिशांनी त्यावर पोलादी कवच आणि मशीनगनचा फिरता बुरूज चढवला.

दुसरे वाहन याच शहराच्या रस्त्यावरचे. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली बस धावली: बेडफर्डची, लाकडी बांधणीची, 30 आसनांची. चिलखती मोटारीच्या पोलादाआड जेमतेम तिघे बसत. बसमध्ये तिकीट काढील तो.

त्या बसचे भाडे ‘नऊ पैसे’ होते, असे सर्रास सांगितले जाते. मित्रहो, इथे थोडे थबकावे. दशमान पैसा 1957 साली आला. 1948 मध्ये रुपये-आणे-पै चालत. जुने नऊ पैसे धरले, तरी सुमारे 120 किलोमीटरांसाठी अवघे सव्वादोन आणे! माझा तर्क असा, की मूळ दर मैलामागे नऊ पै असावा आणि सांगोवांगी ‘पै’चा ‘पैसा’ झाला असावा.

मोटारीचे कवच आजही मोजता येते. बसच्या भाड्यासाठी मात्र त्या काळचे एखादे तिकीट हवे. आजोबांच्या पेटीत सापडले, तर अवश्य कळवा.