कादंबरी, वर्ग आणि सभेतला प्रश्न

‘कादंबरी’ हा शब्द आपण सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ग्रंथावरून घेतला. एका कथेचे विशेषनाम साऱ्या वाङ्मयप्रकाराचे सामान्यनाम व्हावे, असे क्वचितच घडते. मराठीप्रमाणे कन्नडातही हा शब्द रूढ आहे. नाव असे प्राचीन आणि प्रतिष्ठित असले, तरी शाळेत कादंबरीला मान मिळण्यास पुष्कळ काळ जावा लागला. एकोणिसाव्या शतकात कादंबरीवाचन म्हणजे विद्यार्थ्याच्या वेळेचा अपव्यय, असे समजणारी वडीलमंडळी थोडी नव्हती. आज वरच्या वर्गांत कादंबरीचा अभ्यास होतो. तो कसा व्हावा, याचे उत्तर मराठी कादंबरीच्या पहिल्या चार दशकांत सापडते.

मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावचा. १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हिंदू विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला होता, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या या पुस्तकात यमुना आपल्या पतीबरोबर प्रवास करीत असता ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते व ऐकते. पुढे तीच विधवा होते आणि अखेर ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. पुस्तकातील दुःख खरे होते. परंतु ते सांगणारा आपला धर्म सोडून गेलेला, आणि कथेचा शेवटही धर्मांतराचा. तेव्हा या ग्रंथाकडे पाठ फिरविणे कित्येकांस सोपे गेले.

मधल्या काळात ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कथांनी वाचकांचे मनोरंजन केले. १८७१ साली बेळगाव जिल्ह्यातील जांबोटीचे रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी आली. ‘सरस्वतीमंडळ’ या ग्रंथाचे कर्ते म्हणूनही गुंजीकर आमच्या वाचकांस परिचित असतील.

पुढे १८९० मध्ये हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः छापण्यास आरंभ केला. १८९३ मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली. हिची नायिका यमू स्वतःच आपली हकीकत सांगते. माहेरचे स्वयंपाकघर, सासरचे धाक, मैत्रीण दुर्गीचे हाल, मुंबईत पतीच्या सहवासातील थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य, आणि सक्तीने केलेले केशवपन. येथे परधर्माचा उपदेशक कोठेच नाही. जी माणसे यमूला छळतात ती देवपूजा करणारी, सोवळे पाळणारी, तुमच्याआमच्या घरांतलीच आहेत. हे पुस्तक परक्याचे म्हणून बाजूस सारता येत नाही.

म्हणूनच वरच्या वर्गांत ही दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. सत्य सांगणारा आपल्यातला नसला, तर ते सत्य कमी ठरते काय? जी गोष्ट १८५७ साली सांगितली गेली, ती मनाला भिडण्यास तेहतीस वर्षांनी घरातला मनुष्य उभा राहावा लागला, याचा दोष कोणाचा? शिवाय यमूचा आवाज एका सव्वीस वर्षांच्या पुरुषाने लिहिला. तो तिचा खरा आवाज मानावा काय? या प्रश्नांची उत्तरे मार्गदर्शकातून पाठ करता येत नाहीत. केशवपनाचे प्रकरण आले की काही शिक्षक संकोचाने पाने उलटतात. तसे करू नये. त्या पानासाठीच तर पुस्तक लिहिले गेले.

यात परंपरेचा अवमान होतो, असे कोणास वाटेल. त्यांनी सभापर्व आठवावे. स्वतःस हरलेल्या धर्मराजाला मला पणास लावण्याचा अधिकार होता काय, असे द्रौपदीने भर सभेत विचारले. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून निर्णय टाळला. बोलला तो कौरवांतला धाकटा विकर्ण, आणि कर्णाने त्याला पोर म्हणून गप्प केले. देवळांच्या सभामंडपांतून आपण ही कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, आणि ऐकताना आपली सहानुभूती विकर्णाकडेच असते. आपटे यांच्या ग्रंथाचे नावही एक प्रश्नच आहे. वर्गातील सोळा वर्षांच्या मुलीने तो पुन्हा विचारला, तर कर्णाची भूमिका आपण घ्यावयाची काय?

१९६१ पूर्वीच्या गोव्यात मराठीचे शिक्षण बव्हंशी समाजाच्या आणि देवळांच्या आश्रयाने टिकले. ज्या समाजाने अक्षरे जपली, त्याने त्या अक्षरांतला प्रश्नही जपला पाहिजे. ज्या मुलांची घरची बोली कोकणी, त्यांनी ग्रंथ मराठीतून वाचावा आणि त्यावर कोकणीतून खुशाल वाद घालावा. आजीच्या आजीविषयी घरात जे कधी बोलले गेले नाही, ते कदाचित त्याच भाषेत प्रथम बोलले जाईल.