सेकंडहॅण्ड समुद्र

मंडळी, मागच्या महिन्यात आमच्या नातवानं परभणीच्या घरात समुद्र आणला. तोही वापरलेला! पुण्यातल्या कुणाची तरी बदली झाली, म्हणून त्यानं खाऱ्या पाण्याची टाकी, पंप, दिवे सगळं विकायला काढलं होतं. टेम्पोतून टाकी उतरवताना ही म्हणाली, "आपल्या बोअरचं पाणी काय कमी खारं आहे?"

बोअरचं चालत नाही. आरओचं पाणी लागतं आणि त्यात बाजारात मिळणारं खास मीठ, लिटरला पस्तीस ग्रॅम. दीडशे लिटरला सव्वापाच किलो झालं.

मी पडलो इतिहासाचा मास्तर. हा उद्योग आधी कुणाला सुचला, हे शोधत बसलो. १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाई इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेल्या होत्या. यजमान लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत मोठे धर्माधिकारी. बाईंनी किनाऱ्यावरची जिवंत प्रवाळं भांड्यात घालून थेट लंडनला आणली. समुद्राचं ताजं पाणी रोज कुठून येणार? मग मोलकरणीनं उघड्या खिडकीपाशी उभं राहून तेच पाणी रोज अर्धा-पाऊण तास या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं. पुढे बाईंनी त्यात समुद्री शेवाळही सोडलं. प्रवाळं जवळजवळ तीन वर्षं जगली. नाव बाईंचं झालं, हात मोलकरणीचे दुखले.

मग फिलिप गॉस आला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्यात त्याचा मोठा वाटा होता. पुढच्याच वर्षी त्यानं चार क्षार मोजून साध्या पाण्याचा समुद्र करून दाखवला. आम्हा कोरडवाहू मुलखातल्या लोकांवर खरे उपकार याचेच.

आपल्याकडे मद्रासला १९०९ साली मत्स्यालय झालं. मुंबईचं तारापोरवाला १९५१चं. खर्च आठ लाख, त्यातले दोन लाख तारापोरवाला या पारशी दात्याचे. उद्घाटनाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते.

तारापोरवाला म्हटलं की मला १९८३ची सहल आठवते. तेव्हा आमच्याकडे मीटरगेज होती. मनमाडला उतरून गाडी बदलायची. पोरांनी गोदावरी पाहिलेली, समुद्र कुणीच नाही. मत्स्यालयात काचेला नाकं लावून उभी राहिली, हलेनात. एकानं मात्र चौपाटीवर बाटलीभर समुद्र भरून घेतला, बूच घट्ट लावलं आणि परभणीला आणला. चार-पाच दिवसांनी वर्गात बाटली उघडली. काय वास सुटला म्हणता!

"सर, समुद्र का सडला?"

मी म्हणालो, "फेकून दे आधी ते." उत्तर येत नव्हतं, म्हणून रागावलो. पोरगं पुन्हा काही विचारायला आलं नाही.

उत्तर त्या मोलकरणीपाशी होतं. समुद्राच्या थेंबाथेंबात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. बूच लावलं की हवा संपते, ते मरतात, कुजतात. टाकीत पंप पाणी खेळतं ठेवतो, आणि दगडांवर वाढणारे जिवाणू घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. ते बस्तान बसायला महिना-दीड महिना लागतो. टाकी सेकंडहॅण्ड मिळते, हा महिना नाही मिळत. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ साली प्रवाळखडकातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर अशी टाकी चालते असं लिहिलं, तेव्हापासून हौशी लोक याच वाटेनं जातात.

विकणारा गृहस्थ टाकीबरोबर एक पांढरं प्रवाळ फुकट देत होता. नातवाचे डोळे चमकले. पण खडक बांधणारी प्रवाळं २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. तेवढं नको, असं मीच फोनवर सांगितलं. नातू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. असो.

तारापोरवाला २०१५ साली नव्यानं सजलं, २०२०च्या टाळेबंदीत बंद झालं आणि मग इमारतच मोडकळीला आलेली निघाली. त्या बाटलीवाल्या पोराला आता मुलं असतील. त्यांना दाखवायला मुंबईत ते मत्स्यालय उघडं नाही.

आमच्या टाकीत आज तिसरा आठवडा. मासा एकही नाही, नुसतं पाणी फिरतंय. काल रात्री वीज गेली. बॅटरीवरचा पंप काही केल्या सुरू होईना. मग मी तांब्या घेतला आणि वीज येईपर्यंत पाणी उपसून वरून ओतत बसलो. ही दारात उभी राहून हसत होती.